रेघेवरून कापलेली चित्रं

दिवाळी अंक आमच्याकडे होळीच्या सुमारास यायचे, रद्दीत. ते रोजच्या पेपरच्या ढिगात टाकायचे नसतात, पुस्तकांच्या ढिगात टाकायचे असतात. टाकता टाकता मी चाळत असे. त्यात डॉक्टर, फौजदार, रेल्वेतले साहेब आपापल्या कामाबद्दल लिहितात. रद्दी छाटणाऱ्या बाईनं लिहिलेलं कधी दिसलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. हे कुणाला द्यायला लिहीत नाही. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत आणि एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

लकडगंजच्या एका गोदामात मी अठ्ठावीस वर्षं बसले. रद्दीवाले ठेल्यावर घरोघरची रद्दी आणत. ती वजन होऊन आमच्यापुढे पडे. आम्ही चार बायका होतो. रोजचे पेपर एकीकडे, चिकण्या, गुळगुळीत कागदाच्या पुरवण्या दुसरीकडे, वह्या-पुस्तकं तिसरीकडे, पुठ्ठा वेगळा. भिजलेला कागद आधी बाहेर काढायचा, नाही तर तो शेजारच्यालाही सडवतो. पेपरांच्या घड्यांत काहीही निघतं. पोस्टाची पत्रं, लग्नाचे फोटो, शाळेचे दाखले. एकदा कवळी निघाली. तिचा मालक दोन दिवसांनी तोंडावर रुमाल धरून आला आणि नुसतं बोटानं तोंड दाखवू लागला. आमच्यातल्या बेबीबाईनं कवळी धुऊन जपून ठेवली होती, म्हणून त्याचं काम झालं.

दुपारनंतर पिशव्यांचं काम. कोरडे, न फाटलेले पेपर निवडून त्यांच्या किराण्याच्या पिशव्या करायच्या. यात एक युक्ती असते. पेपरात दोन मजकुरांच्या मध्ये आणि चौकटींच्या भोवती काळ्या रेघा छापलेल्या असतात. कात्री त्या रेघेवर ठेवली की मोजावं लागत नाही, कड सरळ येते. शेठजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, सीधा लाईन पे काटो. गिऱ्हाईक बातमी नहीं देखता, किनार देखता है." माझा हात बसला. माझी कड कधी वाकडी गेली नाही आणि मी लावलेली लई, म्हणजे मैद्याची खळ, कधी सुटली नाही. नवीन बाई आली की शेठजी तिला माझी पिशवी दाखवत.

मी कामाला लागले तेव्हा एका घरची महिन्याची रद्दी एका हातात उचलली जाई. मग पेपर सुटले. जो तो नवा पेपर काढू लागला आणि जुने जाड होऊ लागले. शहराची पुरवणी, तालुक्याची पुरवणी, बायकांची वेगळी, घर विकणाऱ्यांची वेगळी. मौदा तालुक्याचं पान वेगळं निघालं तेव्हा मौद्याचीच असलेली बेबीबाई म्हणाली, "काय वं, आमच्या मौद्यात रोजच्या रोज एवढं काय होते? म्हैस व्याली तं तेच छापतीन का?"

वर्षभराचा पेपर घेतला की बादली मिळे, खुर्ची मिळे. कूपनं कापून चिकटवली की त्याहून मोठं काही मिळे. आमच्याकडे भोकं पडलेले पेपर येऊ लागले. त्यांच्या पिशव्या होत नसत. आणि येऊ लागले न उघडलेले गठ्ठे. सुतळी तशीच, वरचा कागद तसाच, आतल्या पेपरला शाईचा वास. छापायचे, खप म्हणून मोजून दाखवायचे आणि थेट आमच्याकडे पाठवायचे. आम्ही त्या गठ्ठ्यांवर बसून काम करत होतो. बसायला चांगले होते.

त्या दिवसांत एका लहान पेपरात तिसऱ्या पानावर एक चौकट येऊ लागली. तिच्यात देवरावजी नावाचा माणूस असे. डोक्याला उन्हाचा दुपट्टा, नाकावर चष्मा, एका चपलेचा अंगठा तुटलेला. हा देवरावजी फक्त पेपरांच्या मागं लागलेला. एका चित्रात त्याच्या घरात फुकटच्या खुर्च्या इतक्या झाल्या आहेत की तो दाराबाहेर उभा राहून पेपर वाचतो. एका चित्रात त्याच्या एकट्याच्या घरासाठी वेगळी आवृत्ती निघाली आहे, मोठ्या अक्षरात बातमी आहे, 'वरणात मीठ जास्त', आणि बायको मागून विचारते, "बातमीदाराले आत कोणी सांगतलं यायले?" एका चित्रात तो जाड पेपर झटकतो, त्यातून पुरवणी पडते, पुरवणीतून पुरवणी पडते आणि शेवटी मोहरीएवढी बातमी पडते. ती शोधायला सगळं घर ओणवं.

आणि एक कूपनाचं. देवरावजी मोठ्या हौशीनं कूपन कापून चिकटवतो. शेजारी येऊन त्या भोकातून त्याच्याकडे बघतो आणि विचारतो, "देवरावजी, तुमच्या साळ्याच्या लग्नाची तारीख मागच्या बाजूले होती ना गा?" या चित्राला मी किती हसले. मला तोंडाला पदर लावावा लागला होता.

एका दुपारी मी ते पान वाचत असताना एक उंच माणूस गोदामात आला. त्याला मागच्या रविवारचा अंक हवा होता.

"काय वाचून राहिल्या बाई?"

मी पान खाली ठेवलं. बेबीबाई गप्प बसणारी नव्हती. "देवरावजी वाचते जी ते. नवऱ्याचं नाव नाही घेत, पण देवरावजीचं रोज घेते."

तो माणूस हसला. "मग मी देवरावजीचा बाप होय," तो म्हणाला. "मनोहर नाव माझं."

बेबीबाईचाही हात थांबला. तिनंच विचारलं, "मग तुमच्या घरी नाही का हा पेपर?"

"येते ना. बायको पोळ्यांच्या डब्यात घालते. मी काही म्हणत नाही. पोळी तरी कोरडी राहते."

मी खाली बघूनच म्हणाले, "हे तर कोणी उघडूनही नाही पाहात जी."

"काय?"

"हे गठ्ठे. सुतळी तशीच आहे. छापखान्यातून सीधे इथं येऊन राहिले."

मनोहरजी वाकले. त्यांनी सुतळीच्या गाठीवर बोट फिरवलं. जाताना एवढंच म्हणाले, "बाई, माझ्याजवळ माझं एकही चित्र नाही. सगळं नागपूर तुमच्याकडे येते. तुम्हीच ठेवत जा कापून."

कदाचित गंमत म्हणून म्हणाले असतील. मी ते काम समजून घेतलं.

पुढच्या आठवड्यातलं चित्र असं होतं. छापखान्यातून पेपरचा ट्रक सुटला आहे, त्यावर 'जलद' अशी पाटी. वाटेत 'वाचक' नावाचा थांबा. तिथं देवरावजी हात करून उभा, पण ट्रक थांबत नाही. पुढं रद्दीचं गोदाम. गोदामात एक बाई गठ्ठ्यावर पाठमोरी बसून पेपर वाचते आहे. साऱ्या चित्रात वाचणारी तेवढी एकच. अंबाडा माझा होता. पाठीवर पोलक्याला लावलेला जोड माझा होता. मी कुणाला दाखवणार नव्हते, पण बेबीबाईच्या हातात दुसरा अंक आलाच.

"हे तं तू होय वं," ती म्हणाली. "पाठच काढली, तोंड काहून नाही काढलं?" मग स्वतःच म्हणाली, "तोंड वर करशील तवा काढतीन."

तेव्हापासून मी प्रत्येक देवरावजी कापून ठेवू लागले. कापायचा तो रेघेवर, दुसरी सवयच नव्हती. सुटा कागद वळतो आणि पिवळा पडतो, म्हणून घरी दाट लई करून प्रत्येक चित्र पातळ पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि साडीच्या खोक्यांत ठेवायचे. एक खोकं भरलं, दुसरं भरलं. मनोहरजी त्यानंतर चार-पाच वेळा आले असतील, मग यायचे बंद झाले. देवरावजी मात्र येत होता. मधल्या काळात त्याचे कान मला मोठे वाटू लागले. मला वाटलं, माणूस म्हातारा झाला की कान मोठे दिसतात, तसं असेल.

इथं एक सांगायचं राहिलं. एकदा एक म्हातारे मास्तर आले होते. त्यांची बायको धंतोलीच्या दवाखान्यात वारली होती. पेपरात तिच्या निधनाची बातमी फोटोसह आली होती आणि तो अंक कुणीतरी रद्दीत घातला. तिचा दुसरा चांगला फोटो घरात नव्हता. मी त्यांना अंकाची तारीख विचारली आणि पानाच्या माथ्यावरच्या तारखा बघत बघत दोन तासांत तो अंक काढून दिला. त्यांनी मला हात जोडले. म्हणजे पानाच्या माथ्यावर तारीख असते आणि ती कामाची असते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून माझी कात्री तिच्याखालून जात होती.

पुढं पेपर बारीक झाले. मोबाइलनं केले आणि टाळेबंदीत तर काही घरांनी पेपर बंदच केला. देवरावजीचा पेपर मिटला. आमच्या गोदामात प्लॅस्टिकच्या टाक्या भरल्या गेल्या आणि गुडघे धरले म्हणून मी घरी बसले.

दोन वर्षांपूर्वी सुलभाताई घरी आल्या. मनोहरजींची मुलगी. शेठजींच्या मुलाकडून त्यांनी माझा पत्ता काढला होता. मनोहरजींची दृष्टी काचबिंदूनं गेली होती. औषधं झाली, ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. बायको आधीच गेली होती. आता त्यांना एकच ध्यास लागला होता, की आपल्या चित्रांचं एक पुस्तक हातात यावं. दिसणार नव्हतं, पण हातात यावं. कॉलेजातले एक सर पुस्तक करायला तयार होते. अडलं होतं चित्रांवर. मूळ चित्रं पेपरच्या कचेरीत राहिली आणि पेपर मिटला तेव्हा जुन्या फायलींसकट कुठंतरी गेली. कुठं गेली असतील ते मला सांगायला नको.

मी आतून दोन्ही खोकी आणली. सुलभाताईंनी झाकण काढलं आणि खाली बसल्या. "मावशी," एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा झाला नाही. आपण अठ्ठावीस वर्षं बसलो ते यासाठीच, असं वाटलं.

सर आले. त्यांनी एकेक चित्र उजेडात धरलं. दहा-बारा झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, सही कुठे आहे?"

"सही?"

"चित्रकाराची. आणि अंकाची तारीख?"

सुलभाताई हळूच म्हणाल्या, "बाबा सही चौकटीच्या बाहेर करायचे, खालच्या पांढऱ्या पट्टीत. म्हणायचे, चौकट पेपरवाल्यांची आहे, मी तिच्या बाहेरचा."

ती पट्टी मी कापून टाकली होती. प्रत्येक चित्राची.

तरीही मला वाटलं, चित्र तर त्यांचंच आहे, सही नसली म्हणून काय झालं. तेव्हा सरांनी सांगितलं. मनोहरजींचं पेपरच्या मालकाशी वाजलं होतं ते त्या ट्रकच्या चित्रानंतर काही महिन्यांनी. त्यांना काढलं आणि मालक देवरावजीची चित्रं दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेऊ लागले, कारण देवरावजी पेपरचा होता. त्या दुसऱ्यानं दुपट्टा, चष्मा, तुटकी चप्पल, सगळं तसंच उचललं. वर्षानुवर्षं. माझ्या दोन खोक्यांत दोघांची चित्रं होती, सहीवाचून आणि तारखेवाचून, मीच एकमेकांत मिसळलेली.

"मागच्या बाजूवरून काही कळेल," सर म्हणाले. "एखादी बातमी, एखादी जाहिरात. त्यावरून दिवस काढता येतो."

मागच्या बाजूला माझी लई होती. आम्ही एक चित्र पाण्यात ठेवून पाहिलं. पुठ्ठा सुटला नाही, देवरावजी सुटला. त्याचा चष्मा माझ्या बोटाला लागून आला. मला ते कूपनाचं चित्र आठवलं. ज्याला मी तोंडाला पदर लावून हसले होते.

सर चांगले होते. रागावले नाहीत. म्हणाले, "आता एकच मार्ग आहे. त्यांनाच विचारायचं."

नंदनवनला त्यांच्या घरी मी रोज दुपारी जाऊ लागले. मनोहरजी खुर्चीत बसत, मी खाली चटईवर. मी चित्र सांगायचं, त्यांनी 'माझं' किंवा 'नाही' म्हणायचं आणि सुलभाताईंनी दोन ढीग लावायचे. सही का नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चित्रं सरमिसळ झाली आहेत, एवढंच सांगितलं होतं. मी कोण हेही त्यांना नीट उमगलं नव्हतं. गोदामातल्या एक मावशी, असं सुलभाताईंनी सांगितलं, त्यावर त्यांनी मान हलवली.

मला बोलायची सवय नाही. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "देवरावजी उभे आहेत."

"कसे उभे आहेत? पाहुण्यासारखे का पोलिसासारखे?"

"रांगेत उभं राहून कंटाळल्यासारखे."

"मग माझा होय. त्याचा देवराव कधी कंटाळत नाही. पैलवान आहे तो."

मग मीही हळूहळू शिकले. चप्पल कशी लोंबते, दुपट्ट्याची गाठ कुठं आहे, बायकोचा हात कमरेवर आहे की कपाळावर, सगळं सांगू लागले. एखादं चित्र सांगताना मलाच हसू येई, तर ते म्हणत, "आधी पूर्ण सांगा वं मावशी, मग हसा. तुम्ही हसता तं मले दिसत नाही." तीन आठवडे असे गेले. 'माझं'चा ढीग वाढत होता. सरांनी फोनवर सांगितलं, एवढ्या चित्रांत पुस्तक होतं. सुलभाताईंनी कव्हरचा रंगसुद्धा विचारला, तर मनोहरजी म्हणाले, "पांढरा ठेव, साध्या कागदाचा. नाही तं दुकानदार म्हणन, चिकण्याची पिशवी होत नाही."

मग ट्रकचं चित्र आलं.

मी ते मुद्दाम मागं ठेवलं होतं. सांगायला सुरुवात केली. ट्रक, पाटी, थांबा, हात केलेला देवरावजी. ते ऐकत होते. "आणि पुढं गोदाम आहे," मी म्हणाले, "त्यात एक बाई पेपर वाचून राहिली. पाठमोरी."

त्यांनी बराच विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "हे त्याचं. मी बाई पाठमोरी काहून काढीन? ज्याले तोंड काढता येत नाही तोच पाठ काढते."

सुलभाताईंनी हात पुढं केला. मी चित्र त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते 'नाही'च्या ढिगावर ठेवलं.  मी पुढचं चित्र उचललं आणि सांगितलं. कोणतं होतं ते आठवत नाही.

त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचं वाईट वाटत होतं. त्याहून वाईट दुसऱ्या दिवशी वाटलं. हे एक चुकलं, तर बाकीची? 'माझं' म्हणाले ती खरंच त्यांची आहेत का? मोठ्या कानांचा देवरावजी मी सांगितला तेव्हा दोनदा त्यांनी 'माझं' म्हटलं होतं. मी ते मनावर घेतलं नव्हतं. त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे त्यांना कळत नव्हतं. ते मला एकटीला कळलं होतं.

सर ढीग न्यायला आले. दारात त्यांनी सहज विचारलं, "सगळं नीट झालं ना, बाई?"

मी मान हलवली असती तर झालं असतं. आयुष्यभर मी मानच हलवली. त्या दिवशी म्हणाले, "त्या 'नाही'च्या ढिगात एक चित्र त्यांचंच आहे."

"कशावरून?"

"त्यात मी आहे."

सरांनी ते चित्र शोधून काढलं. चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाहेरच्या ओट्यावर बसले. दुसऱ्या चित्रकाराचं घर याच शहरात आहे, तो अजून काम करतो आणि सगळा देवरावजी आपलाच म्हणतो, त्याचं एकही चित्र यांच्या नावावर छापलं गेलं तर मनोहरजींनाच चोर म्हणतील, असं ते सुलभाताईंना हळू आवाजात समजावत होते. "बाई, तुम्ही सांगितलं हे बरं केलं," असंही म्हणाले. बरं केलं असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.

पुस्तक थांबलं. ट्रकच्या एका चित्राचं पुस्तक होत नाही.

मनोहरजींना आम्ही सांगितलेलं नाही. सुलभाताई म्हणतात, छापखान्यात आहे. मी आठवड्यातून दोनदा जाते आणि चित्रं सांगते, कारण त्यांना ते आवडतं. आता ढीग लावत नाही. ते विचारतात, "कोणाचं होय?" मी म्हणते, "तुमचंच."

परवा म्हणाले, "पुस्तक येईन तवा येईन. मले ते चित्रं तरी हातात द्या." मी दोन्ही खोक्यांतली चित्रं एकावर एक रचून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी वरच्या चित्रावर तळवा ठेवला. मग बोटं खाली सरकली आणि कडेवर थांबली. त्यांनी ती कड वरपासून खालपर्यंत चाचपली, मग दुसऱ्या चित्राची, मग तिसऱ्याची.

"हे कोणी कापलं?"

"मी जी."

"मशीनवर?"

"नाही. कात्रीनं."

"वा," ते म्हणाले. अंगठा पुन्हा खालच्या कडेवरून गेला, जिथं त्यांची सही असायची तिथून. "सूतभर इकडंतिकडं नाही. असा हात पाहिजे होता आमच्या पेपरात."

सुलभाताई खिडकीकडे बघत होत्या. मी वरचं चित्र उचललं आणि सांगायला सुरुवात केली.